ओरिजिनल सेफ आहे, पण कुठे? एका मंडळाच्या फोटोंचं प्रकरण

नारायण पेठेतल्या एका गणेश मंडळाचं हे प्रकरण. मंडळाचं नाव महत्त्वाचं नाही. असा फोटोसंग्रह असलेली मंडळं, संस्था आणि घरं पुण्यात पेठेगणिक सापडतील. अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढायची होती. मधल्या दोन पानांवर पसरून एक मोठा फोटो घ्यायचा होता आणि तो ठरलेलाही होता: २०१० सालच्या विसर्जन मिरवणुकीचा, गणपतीचा रथ गल्लीतून लक्ष्मी रोडकडे वळतो त्या वेळचा. फोटो झकास आहे हे सगळ्यांना आठवत होतं आणि मंडळाच्या संगणकात तो होताही. स्मरणिकेचं डिझाइन करणाऱ्या ताईंनी फाइल उघडली, तर ती निघाली २०५० बाय १६४० पिक्सेलची.

फोटो काढला होता निकॉन डी९० या कॅमेऱ्यानं. हा कॅमेरा पूर्ण आकारात ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचं चित्र देतो. म्हणजे हातात होता तो मूळ चित्राच्या पाव हिश्शाहून जरासा मोठा तुकडा. ए-फोर आकाराची दोन पानं समोरासमोर धरली की रुंदी होते ४२ सेंटिमीटर, साडेसोळा इंच. ४२८८ पिक्सेल तेवढ्या रुंदीत पसरले तर इंचाला २६० पडतात, छपाई नीट येते. २०५० पसरले तर सव्वाशेही पडत नाहीत. मूर्तीच्या मुकुटावरची नक्षी पिठूळ दिसते.

पण खरी चिडचिड पिक्सेलवरून नव्हती. कापलेल्या फोटोत राहिली होती ती मूर्ती, रथाचा पुढचा भाग आणि दोन ताशेवाले. डावीकडचा वाडा गेला होता. मंडळाची स्थापना ज्या वाड्याच्या ओसरीवर झाली तो हा वाडा, पुढे पाडला गेला, आणि त्या जागी आता खाली पार्किंग आणि वर पाच मजले आहेत. २०१० साली फोटो क्रॉप करणाऱ्याला तो वाडा म्हणजे विजेच्या तारा, वाळत घातलेले कपडे आणि पोपडे निघालेली भिंत एवढंच दिसलं असणार. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वाडा तेव्हा रोज दिसत होता.

जुन्या छायाचित्रांच्या डिजिटायझेशनचं काम करतो म्हणून मला बोलावलं होतं. गेलो तेव्हा संशय आधीच एका माणसावर स्थिर झालेला होता. मंडळाचे संगणकाचे काम वर्षानुवर्षं बघणारे काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनीच फोटो नीट लावले, त्यांनीच कापले, तर मूळही त्यांनीच उडवले असणार, असा सरळ हिशेब. काका शांतपणे म्हणाले, "मी एकही मूळ फोटो उडवलेला नाही. पिकासा ओरिजिनल बाजूला ठेवतं. मी दोनदा परत आणूनही बघितलेत."

काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं, आणि इथूनच प्रकरण मजेशीर होतं.

पिकासा काय करायचं

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी: पिकासा हे गूगलचं फोटो लावण्याचं आणि दुरुस्तीचं मोफत सॉफ्टवेअर होतं. १५ मार्च २०१६ पासून गूगलनं त्याचा सपोर्ट थांबवला, पण संगणकावर असलेलं पिकासा चालत राहिलं, आणि पुण्यात तरी अनेकांनी ते पुढे कित्येक वर्षं सोडलं नाही. सोडावं असं त्यात काही नव्हतंच. हलकं, भराभर चालणारं, आणि मूळ फोटोंच्या बाबतीत त्या काळच्या मानानं फार सभ्य.

पिकासात तुम्ही फोटो कापला, उजळ केला, सरळ केला, तरी सुरुवातीला फाइलला हातच लागत नसे. काय काय केलं याची नोंद त्याच फोल्डरमधल्या '.पिकासा.आयएनआय' नावाच्या लपलेल्या मजकूर फाइलीत व्हायची. पडद्यावर कापलेला फोटो दिसायचा, डिस्कवर मात्र अख्खा पडून असायचा. पुढे 'सेव्ह' दाबलं की मग खरी फाइल बदलायची. ती बदलण्याआधी पिकासा मूळ फाइल उचलून त्याच फोल्डरच्या पोटात '.पिकासाओरिजिनल्स' नावाचं लपलेलं फोल्डर करून त्यात ठेवायचं. 'अनडू सेव्ह' केलं की ती परत जागेवर. काकांनी दोनदा करून बघितलं ते हेच.

ही व्यवस्था चोख होती, एका अटीवर: फोटो, ती मजकूर फाइल आणि ते लपलेलं फोल्डर या तिघांची ताटातूट होता कामा नये. ही अट पिकासानं कुठे ठळक लिहिलेली नव्हती. वापरणाऱ्याला लपलेल्या गोष्टी दिसू नयेत म्हणून तर त्या लपवलेल्या.

ताटातूट

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. त्यानंतर कधीतरी मंडळानं नवा संगणक घेतला, आणि एका हुशार कार्यकर्त्यानं जुन्यावरचे फोटो नव्यावर आणले. आणताना त्यानं एक चांगलं कामही उरकलं. जुन्या संगणकावर 'नवीन फोल्डर २', 'कॅमेरा दादा', 'मिरवणूक फायनल' अशा नावांचा बाजार होता. त्यानं नव्या संगणकावर सालवार फोल्डर केले, जुनं एकेक फोल्डर उघडलं, सगळे फोटो सिलेक्ट केले, कॉपी केले आणि योग्य सालात नेऊन पेस्ट केले.

एवढंच घडलं. विंडोजमध्ये अख्खं फोल्डर बाहेरून धरून कॉपी केलं तर आतल्या लपलेल्या वस्तूही सोबत जातात. पण फोल्डरच्या आत शिरून 'सिलेक्ट ऑल' केलं, आणि लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय बंद असला, तर दिसतं तेवढंच सिलेक्ट होतं. '.पिकासा.आयएनआय' मागे राहिली. '.पिकासाओरिजिनल्स'ही मागे राहिलं. दिसणारे फोटो मोजून बघितले तर संख्या बरोबर, कारण फोटो सगळे आलेच होते.

आता परिणाम बघा. ज्या फोटोंवर काकांनी 'सेव्ह' दाबलं होतं त्यांची कापलेली आवृत्ती आली, मूळ राहिलं. ज्यांवर दाबलं नव्हतं त्यांचं मूळ आलं, काकांनी केलेली दुरुस्ती राहिली. एकाच चुकीनं संग्रहाच्या एका भागाचं मूळ गेलं आणि दुसऱ्या भागाचं काम गेलं. मंडळात या दोन तक्रारी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून वेगवेगळ्या वेळी येत होत्या. कुणी म्हणे फोटो कापलेत, कुणी म्हणे काकांनी आडवे फोटो उभे केले होते ते पुन्हा आडवे कसे झाले. दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत हे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. माझ्याही आलं ते जुनी डिस्क बघितल्यावर.

जुनी डिस्क होती हे नशीब. संगणक भंगारात देताना काकांनी डिस्क काढून घेतली होती, बँकेच्या सवयीनं. जुनी पावतीपुस्तकं ठेवलेल्या कपाटात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत निघाली.

डिस्क उघडताना

इथे जरा सावकाश जातो, कारण घाई झाली की उरलंसुरलंही जातं.

डिस्क यूएसबी केसमध्ये घालून आधी ती सबंध दुसऱ्या डिस्कवर उतरवली. त्यासाठी विंडोजमधलं 'रोबोकॉपी' वापरलं; ते लपलेल्या फायली सोडत नाही आणि फायलींच्या तारखा बिघडवत नाही. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. कुणीतरी सुचवलं की जुनं पिकासा टाकून त्यातूनच 'अनडू सेव्ह' मारू या, एका झटक्यात होईल. मी नको म्हटलं. पिकासा फोल्डर वाचतं तसं त्यात लिहितंही, आणि पुरावा तपासायचा असताना त्यावर कुणी लिहिलेलं मला चालत नाही.

लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू केला, आणि फोल्डरामागून फोल्डर फिकट रंगाचं '.पिकासाओरिजिनल्स' दिसायला लागलं. काका मागे उभे होते. "म्हणजे इथेच होते," एवढंच बोलले, आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

फोटो सापडले म्हणजे जुळले असं नाही. निकॉनचा कॅमेरा फाइलींना डीएससी_०००१ पासून डीएससी_९९९९ पर्यंत नावं देतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. काही वर्षांच्या संग्रहात डीएससी_०४१७ नावाचे अनेक फोटो असणारच. त्यात नव्या संगणकावर एका सालाच्या फोल्डरमध्ये दोन जुनी फोल्डरं ओतल्यामुळे नावं आपटली होती, विंडोजनं पुढे कंसात २ लावून दोन्ही ठेवली होती. नावावरून जुळवणं म्हणजे चुकीच्या वाड्याची वीट चुकीच्या भिंतीत बसवणं.

म्हणून जुळवणी केली फोटोच्या पोटातल्या एक्झिफ माहितीवरून. कॅमेरा प्रत्येक फोटोत तो टिपल्याची वेळ लिहितो, निकॉन तर सेकंदाचे भागही लिहितो. मिरवणुकीत एका सेकंदात तीन-चार फोटो सटासट घेतलेले असतात, तिथे ते भाग उपयोगी पडले. पिकासानं सेव्ह करताना ही वेळ शाबूत ठेवली होती. फाइलची 'बदलल्याची तारीख' मात्र निरुपयोगी. ती काकांनी कोणत्या दुपारी फोटो कापला तेवढंच सांगते. 'एक्झिफटूल' नावाचं मोफत साधन या कामाला पुरतं. त्यानं दोन्हीकडच्या फोटोंची यादी काढली, वेळेवरून जोड्या लावल्या, आणि ज्या जोडीत आकार वेगळा निघाला ती काढून नजरेनं तपासली.

मिरवणुकीचा तो फोटो सापडला. वाडा पूर्ण आहे. दिंडी दरवाजा उघडा आहे आणि वरच्या खिडकीतून दोन बायका मिरवणूक बघतायत. त्यातली एक कोण ते मंडळातल्या एका दादांनी लगेच ओळखलं, त्यांची आत्या.

दुसरं, काकांच्या दुरुस्त्यांचं. '.पिकासा.आयएनआय' ही साधी मजकूर फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक फोटोच्या नावाखाली एका ओळीत काय काय केलं ते असतं: फिरवलं, उजळलं, कापलं. कापण्याची चौकट षोडशमान पद्धतीतल्या (० ते ९ आणि पुढे ए ते एफ असे सोळा अंक वापरणाऱ्या) सोळा अंकांत दाबून बसवलेली असते. चार-चार अंकांचे चार तुकडे पाडायचे: डावी कड, वरची, उजवी, खालची. एका फोटोत पहिला तुकडा दशमान पद्धतीत ३२७६ आला. त्याला ६५,५३६ नं (चार षोडशमान अंकांत एवढ्याच संख्या मावतात) भागलं की ०.०५, म्हणजे डावीकडून पाच टक्के कापायचं. एक खोच आहे. सुरुवातीला शून्य असेल तर पिकासा ते लिहीत नाही आणि सोळाऐवजी पंधराच अंक दिसतात. पुढे शून्य जोडून सोळा पुरे करायला विसरलं तर सगळे तुकडे एकेका घरानं सरकतात आणि चौकट भलतीकडेच जाते. हे कळलं की काकांचं कुठलंही क्रॉप पुन्हा करता येतं. सगळे केले नाहीत. स्मरणिकेला लागणारे केले, बाकीच्यांच्या आयएनआय फायली जपून ठेवल्या. चेहऱ्यांवर काकांनी लावलेल्या नावांचे दुवेही त्यांतच आहेत, त्यांचं काम अजून व्हायचंय.

मिळाले नाहीत ते २०१३ च्या देखाव्याचे मूळ फोटो. डिस्क भरत आली होती तेव्हा कुणीतरी एकसारखे फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि त्यानं सुचवलं ते पुसलं, असं दिसतं. मूळ आणि जरासा उजळलेला फोटो अशा सॉफ्टवेअरला जुळी भावंडं वाटतात. कुठलं ठेवायचं हे त्याला माहीत नसतं, तरी ते सुचवतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, तपकीर गल्लीतल्या एका दुकानात डिस्क नेऊन पुसलेलं परत मिळतं का तेही बघून झालं. त्या जागेवर पुढे नवं काही लिहिलं गेलं होतं.

स्कॅन केलेल्या जुन्या छापील फोटोंची गोष्ट निराळी. त्यांच्या पांढऱ्या किनारी काकांनी कापल्या होत्या, सुबक दिसावं म्हणून. त्या किनारीवर स्टुडिओचा उठावाचा शिक्का होता, क्वचित पेनानं लिहिलेलं साल. स्मरणिकेत छायाचित्रकाराचं नाव द्यायचं तर शिक्का हवाच. सुदैवानं छापील फोटो अल्बमात आहेत, पुन्हा स्कॅन करता आले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात मंडळाचे त्याआधीचे बहुतेक फोटो गेले, असं जुने सभासद सांगतात. म्हणून उरलेल्या दोन-तीनांच्या किनारी मी स्वतः, नखाएवढीही न सोडता स्कॅन केल्या.

आता काय लावून दिलं

पहिला प्रश्न आला, "मग कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?" मला तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो. आधी विचारायचं की हे सॉफ्टवेअर मूळ फोटो नेमका कुठे ठेवतं आणि ते सॉफ्टवेअर उद्या नसलं तर तो मला सापडेल का. प्रत्येकाची रीत वेगळी आहे. अडोबीचं लाइटरूम मूळ फाइलीतल्या चित्राला हात लावत नाही, सगळ्या दुरुस्त्या त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या वेगळ्या नोंदवहीत असतात. तिथे मूळ जायची भीती कमी, पण कॅटलॉग गेला की मेहनत गेली, म्हणजे काकांच्या सेव्ह न केलेल्या फोटोंसारखंच. आयफोनवरून विंडोजवर फोटो आणताना नावात 'ई' अक्षर घातलेली एक सुधारलेली फाइल येते आणि एक न घातलेली. लोक 'डुप्लिकेट' म्हणून त्यातली एक पुसतात, आणि पुष्कळदा मूळच पुसतात. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढतानाच लहान होतो. तिथून उतरवलेल्याला मूळ म्हणणं धाडसाचं.

मंडळासाठी 'डिजीकॅम' हे फोटो लावण्याचं आणि दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घेतलं. मोफत आहे, विंडोजवर चालतं, आणि त्यातली व्हर्जनिंगची सोय मला आवडते. ती चालू असली की दुरुस्त केलेला फोटो त्याच फोल्डरमध्ये '_व्ही१' अशी शेपटी लावून वेगळ्या नावानं बसतो, मूळ फाइल तशीच शेजारी राहते. कुठलंही लपलेलं फोल्डर नाही. उद्या डिजीकॅम काढून टाकलं तरी नुसत्या डोळ्यांना दोन्ही दिसतील, आणि 'सिलेक्ट ऑल'मध्ये दोन्ही येतील.

काकांना हेच खटकलं. "सगळं दोन-दोनदा दिसणार. पोरं चुकीचा फोटो उचलून फ्लेक्सला देतील." आक्षेप रास्त आहे. डिजीकॅममध्ये आवृत्त्या असल्या की मूळ यादीतून झाकून ठेवता येतं, पण एक्सप्लोररमध्ये दोन्ही दिसणारच. मी काकांना म्हटलं की दोन दिसण्याचा त्रास रोजचा आणि किरकोळ आहे, एकच असण्याचा त्रास अमृतमहोत्सवाला होतो. त्यांना ते फारसं पटलं नाही. फ्लेक्ससाठी निवडक फोटोंचं वेगळं फोल्डर करायचं यावर तडजोड झाली.

एक सेटिंग मी आग्रहानं बदललं. डिजीकॅममध्ये फोटोला टॅग, तारे, मथळा दिला की ती माहिती मूळ फाइलीच्या आतही लिहिली जाऊ शकते. चित्र बदलत नाही, फाइल बदलते. ती फक्त शेजारच्या 'एक्सएमपी' फाइलीत, म्हणजे फोटोची माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या मजकूर फाइलीत लिहायची असं लावून दिलं. हे पटवायला जरा वेळ गेला. ताईंचं म्हणणं, टॅगनं फोटोला काय होतंय? फोटोला काही होत नाही. पण मूळ संग्रहातल्या प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलीत जराही बदल झाला तर बदलणारी ओळखखूण, मी काढून ठेवली आहे. दोन प्रतींमधली एखादी फाइल खराब झाली तर कोणती खरी हे त्या बेरजेवरून ठरतं, आणि टॅग आत लिहिला की बेरीज बदलते. मग खराब झालेली फाइल आणि टॅग लावलेली फाइल यांत फरक करायचा कसा?

म्हणून मांडणीच दोन भागांत केली. 'मूळ' नावाचं फोल्डर, त्यात कार्डावरून किंवा स्कॅनरवरून आलेलं जसंच्या तसं, रीड-ओन्ली. 'काम' नावाचं दुसरं, ज्यावर डिजीकॅम चालतं. म्हणजे व्हर्जनिंगचं बटण कुणी बंद केलं तरी 'मूळ'ला धक्का नाही. जागा दुप्पट लागते हे खरं, पण डी९० च्या एका जेपेगला चार-सहा एमबी लागतात, आणि टेराबाइटच्या डिस्कवर ते कुठल्या कुठे जातं. 'मूळ'ची एक प्रत मंडळात, दुसरी काकांच्या घरी. घर नदीपासून लांब, कोथरूडला आहे, हे काकांनीच मुद्दाम सांगितलं.

प्रश्न उरलाय फोनचा. मिरवणुकीचे बहुतेक फोटो आता कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये असतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, दाबलेले, एक्झिफ पुसलेले. ते 'मूळ'मध्ये घ्यायचे नाहीत असं मी म्हणत होतो. ताई म्हणाल्या, मग मूळमध्ये काहीच येणार नाही. ग्रुपवर फोटो फोटो म्हणून न टाकता 'डॉक्युमेंट' म्हणून टाकायचा, म्हणजे फाइल आहे तशी येते, असं ठरलं आहे. कार्यकर्ते ऐकतात का ते यंदाच्या विसर्जनाला कळेल. तोवर ग्रुपवरून आलेल्यांसाठी तिसरं फोल्डर केलं आहे. त्याला नाव काय द्यायचं यावर अजून एकमत नाही.